'अन्नजन्य पेप्टाइड' म्हणावं का?

शाहूपुरीकर: कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका दवाखान्यासाठी रक्तदाबावरचं पत्रक मराठीत करतोय. दूध, मासे, सोयाबीन यांच्या प्रथिनांचे काही बारीक तुकडे रक्तदाब थोडा उतरवू शकतात, असा त्यात मजकूर आहे. मी लिहिलं, 'उच्च रक्तदाबरोधी अन्नजन्य पेप्टाइड्स'. आईला वाचायला दिलं, तर ती म्हणाली, "म्हणजे काय काय खायचं नाही?" कुठं चुकलं?

पंचगंगाकाठ: आईंचा कान चांगला आहे. 'अन्नजन्य' पेपरात कुठं भेटतो बघा: अन्नजन्य आजार, अन्नजन्य विषबाधा. जलजन्य, कीटकजन्य, सगळीकडे तेच. 'दुग्धजन्य पदार्थ' तेवढा एक सुखाचा. शिवाय ही पेप्टाइडं अन्नात बहुतेक वेळा मोकळी नसतातच. लांबलचक प्रथिनात ती गुंतलेली असतात. पोटात पचताना किंवा जिवाणूंनी दूध आंबवताना साखळी तुटते, तेव्हा बाहेर पडतात. यासाठी आपल्याकडे 'सुटणे' आहे की! काकडीला मीठ लावलं की पाणी सुटतं, मसाला परतला की तेल सुटतं. 'अन्नातून सुटणारी पेप्टाइडं' म्हणा.

तिकटीवाला: पेप्टाइडला मराठी शब्द न्हाई व्हय? 'प्रथिनखंड' कसा वाटतो?

पंचगंगाकाठ: खंड म्हटलं की ज्ञानकोशाचा तिसरा खंड आठवतो. पेप्टाइडच राहू दे, तो तसा परका नाही. एमिल फिशर या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं 1902 च्या सुमारास हा शब्द रूढ केला. त्याच्या मुळाशी 'पचलेलं, शिजलेलं' या अर्थाचा ग्रीक शब्द आहे, आणि तो आपल्या 'पच्' धातूचा सख्खा चुलतभाऊ. पचन, पाक, पक्वान्न, झाडावर पिकलेला आंबा, सगळी एकाच घरातली. फक्त अनेकवचन 'पेप्टाइड्स' नको. प्रथिन-प्रथिने, तसं पेप्टाइड-पेप्टाइडे. बोलताना पेप्टाइडं.

औषधांच्या दुकानातून: 'रोधी' पण काढा. ही पेप्टाइडं रक्तदाबाला रोखत नाहीत, एका विकराच्या, म्हणजे एन्झाइमच्या, कामात आडवी येतात. अमिनो आम्लं म्हणजे प्रथिनांच्या साखळीतले मणी. रक्तात अँजिओटेन्सिन नावाची दहा अमिनो आम्लांची साखळी असते. हे विकर तिची दोन अमिनो आम्लं छाटून आठांची करतं, आणि ती आठांची साखळी रक्तवाहिन्या आवळते. आवळल्या की दाब चढला. दुधातल्या केसीनपासून सुटणाऱ्या, तीन-तीनच अमिनो आम्लांच्या दोन पेप्टाइडांवर जपानात बरंच काम झालं. ती त्या विकराच्या तोंडात जाऊन बसतात, असं समजा. याच विकराला अडवणारी कॅप्टोप्रिल ही गोळी ब्राझीलच्या एका विषारी सापाच्या विषातल्या पेप्टाइडांवरून सुचली. अमेरिकेत 1981 मध्ये तिला मान्यता मिळाली. विष 'उतरवणे' आपण ऐकतो, इथं विषानंच दाब उतरवला.

तिकटीवाला: 'उच्च' पण काढा राव. उच्चशिक्षित, उच्चपदस्थ म्हटल्यागत मानाचं वाटतंय. आमच्यात सरळ 'बीपी'. आमच्या आज्जीला डॉक्टरनी विचारलं, "बीपी हाय?" आज्जी म्हणाली, "हाय की!" नवीन डॉक्टर पुण्याचे. त्यांनी हाय म्हणजे जास्त धरलं, आज्जीनं हाय म्हणजे आहे.

शाहूपुरीकर: 😄 पण बीपी तर प्रत्येकालाच असतं. 'मला बीपी आहे' लिहिलं तर चालेल?

पंचगंगाकाठ: बोलण्यात 'मला शुगर आहे' चालतं तसं चालतंच. पत्रकात 'वाढलेला रक्तदाब' लिहा. कुणी अडणार नाही.

शाहूपुरीकर: मूळ मजकुरात 'आंबवलेलं दूध' आहे. सरळ 'दही' लिहू?

औषधांच्या दुकानातून: नको! अभ्यास झाले ते ठरावीक जिवाणू घालून आंबवलेल्या दुधावर. घरच्या विरजणात तेच जिवाणू असतील याचा नेम नाही. 'दही' लिहिलंत तर गंगावेशीत कट्ट्यावर धारोष्ण दूध पिणारा माणूससुद्धा घरी जाऊन गोळी बंद करेल.

पंचगंगाकाठ: पण 'आंबलेलं दूध' म्हणजे नासलेलं, हेही खरं. 'विशिष्ट जिवाणूंनी विरजलेलं दूध' करा. लांब आहे, पण खोटं नाही.

औषधांच्या दुकानातून: आणि 'मदत करतात' नको, 'करू शकतात' ठेवा. काही चाचण्यांत वरचा आकडा थोडाफार उतरला, काहींत नाही. युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं 2011 मध्ये त्या दोन दुधातल्या पेप्टाइडांबद्दलचा दावा पुराव्याअभावी मान्य केला नाही. त्यापेक्षा दिवसाचं मीठ 5 ग्रॅमच्या आत, ही जागतिक आरोग्य संघटनेची ओळ मोठ्या अक्षरात छापा.

तिकटीवाला: मग तांबडा रस्सा?

औषधांच्या दुकानातून: वाटी एकच. वरनं मीठ नाही.

शाहूपुरीकर: नवीन वाक्य: 'दूध, मासे, सोयाबीन यांच्या प्रथिनांतून सुटणारी काही पेप्टाइडे वाढलेला रक्तदाब थोडा उतरवायला मदत करू शकतात, पण डॉक्टरांनी दिलेली गोळी त्यांच्या भरवशावर बंद करू नका.' आईला परत दाखवलं. आता विचारते, "पेप्टाइडे कुठल्या दुकानात मिळतात?"

तिकटीवाला: 'सुटणारी' म्हणलासा न्हवं, सुट्टी मिळत असतील असं वाटलं आसंल त्यास्नी.