मदत हवी आहे: मर्यादित बजेटमध्ये जुनी जपानी परफॉर्मन्स कार कोणती घ्यावी?

नमस्कार. बजेट मर्यादित असून दुरुस्तीसाठी त्यातलाच काही भाग राखून ठेवायचा आहे. माझदा आरएक्स-८, निस्सान ३५०झेड आणि सुबारू इम्प्रेझा डब्ल्यूआरएक्स यांपैकी एक घेण्याचा विचार आहे.

आरएक्स-८ सहसा स्वस्तात मिळते आणि त्यामागचे कारण उघड आहे: तिच्या १.३ लिटर रोटरी इंजिनातील (यात पिस्टनऐवजी त्रिकोणी रोटर फिरतात) एपेक्स सील, म्हणजे रोटरच्या टोकांवरची पट्टी, झिजली की कॉम्प्रेशन (इंजिनातील दाब) उतरते, गरम इंजिन पुन्हा सुरू होताना कुरकुरते, आणि ऑइल तर ते मुळातच जाळते. साध्या कॉम्प्रेशन गेजवर प्रत्येक रोटरच्या तिन्ही बाजूंचे आकडे वेगळे दिसत नाहीत, म्हणून रोटरीसाठीचा खास टेस्टर असलेल्या मेकॅनिककडूनच गरम इंजिनावर तपासणी करून घेणार आहे. पण आकडे चांगले आले तरी भरपूर चाललेल्या गाडीवर कितपत विसंबावे? ३५०झेडचे ३.५ लिटर व्ही६ इंजिन त्या मानाने दणकट वाटते. तिच्यात क्लच आणि सस्पेन्शनच्या बुशांपलीकडे काय पाहावे? डब्ल्यूआरएक्सवर (खरे तर) मन बसले आहे, परंतु ईसीयू (इंजिन नियंत्रित करणारा संगणक) रिमॅप करून, म्हणजे त्याची सेटिंग बदलून, टर्बोचा दाब वाढवून दामटलेली आणि विकण्यापूर्वी मूळ स्थितीत आणलेली गाडी ओळखावी कशी, हे समजत नाही.

यांपैकी एखादी गाडी ज्यांनी स्वतः सांभाळली आहे, त्यांनी देखभालीच्या खर्चासह अनुभव कळवावा, ही विनंती.