शब्दचर्चा : 'संकरित' गाडी आणि 'अनुकूली' टायर

सातपूरकर : नाशकातल्या एका डिझाइन प्रदर्शनाच्या फलकासाठी मजकूर हवाय. मसुद्यात 'दुहेरी इंधनाची क्रीडा-मोटार, अनुकूली हुशार टायरांसह' असं आलंय. वाचवत नाही.

चाकधर : 'दुहेरी इंधन' आधी काढा. ते पेट्रोल-सीएनजीचं, तिथं इंजिन एकच आणि एका वेळी जळतं तेही एकच. तुमची गाडी हायब्रिड. तिच्यात इंजिन आणि विजेची मोटर दोघं मिळून चाकं फिरवू शकतात. मॅक्लारेन कंपनीच्या 'आर्टुरा' या हायब्रिड स्पोर्ट्स कारमध्ये ३ लिटरचं व्ही-६ इंजिन आहे, गिअरबॉक्सच्या तोंडाशी मोटर आणि ७.४ किलोवॅट-तासाची बॅटरी. 'क्रीडा-मोटार' म्हणजे तर खेळाडूंना मैदानावर सोडणारी बस वाटते.

द्राक्षबाग : मग 'संकरित'? पण आपल्याकडं संकरित म्हटलं की गाय नाहीतर टोमॅटो. बाजारात हायब्रिडच्या उलट 'गावठी'. साध्या पेट्रोल गाडीला गावठी म्हणायचं का?

शब्दवेडा : गायीचा आक्षेप टिकत नाही. मूळ लॅटिन शब्द पाळीव डुकरीण आणि रानडुकराच्या पिल्लाचा, तरी इंग्रजीनं तो गाडीला लावलाच. माझी अडचण वेगळी आहे. संकरात दोन वाण एकजीव होतात, पुन्हा सुटे करता येत नाहीत. गाडीत इंजिन बंद ठेवून नुसत्या मोटरवर जाता येतं. हायब्रिडच ठेवा.

चाकधर : टायरचा घोळ मोठा आहे. 'स्मार्ट' आणि 'अ‍ॅडॅप्टिव्ह' ही दोन वेगळी कामं. २०२१च्या आर्टुरात पिरेली या कंपनीच्या टायरमध्येच सेन्सर आहे, तो दाब आणि तापमान ब्लूटूथनं गाडीला कळवतो. टायर स्वतः काहीच बदलत नाही. चालता चालता हवा कमी-जास्त करणारी यंत्रणा काही लष्करी ट्रकांत असते. वाळूत दाब उतरवायचा, डांबरीवर चढवायचा. अनुकूली ते. तुमच्या चित्रात हबमधून, म्हणजे चाकाच्या मधल्या भागातून, हवेची नळी आहे का?

सातपूरकर : नाही. आत चिकटवलेली चकती फक्त.

टायरवाला : मग आमच्या भाषेत 'सेन्सरवाला टायर'. नेहमीच्या गाड्यांत सेन्सर बहुधा व्हॉल्वच्या बुडाशी, रिमच्या आत असतो. टायर उतरवताना मशीनचं पातं तिथं टेकलं की तुकडा पडलाच. पंक्चरचं लिक्विड भरलं तर सेन्सरचं बारीक भोक बुजतं आणि आकडा चुकतो. बॅटरी सीलबंद, साधारण ५ ते १० वर्षांची. संपली की अख्खा सेन्सर नवा. निफाडकडं थंडीत पहाटे डॅशबोर्डवर कमी हवेचा दिवा लागतो आणि दुपारी विझतो, तो मात्र बिघाड नव्हे. तापमान १० अंशांनी उतरलं की दाब १-२ पीएसआयनं (हवेच्या दाबाचं माप) घटतो. हवा टायर गार असताना मोजा.

सातपूरकर : 'हायब्रिड स्पोर्ट्स कार. संवेदी टायर : हवेचा दाब आणि तापमान गाडीला कळवणारे.' चालेल?

शब्दवेडा : 'कळवणारे' आहे ना, मग 'संवेदी' काढा.