खाजण, खार की पाणथळ?

प्रश्न : 'वेटलँड'साठी 'पाणथळ' हा शब्द आता रुळला आहे. मग खाजणाला, म्हणजे खाडीकाठच्या भरतीच्या पातळीखालच्या खारवट जमिनीलाही पाणथळच म्हणायचं का? बातम्यांत त्याच जागेला 'दलदल', 'पडीक जमीन' असंही लिहिलेलं असतं.

उत्तर : 'पडीक' तर साफ चूक. पाणथळ जागा जपण्यासाठीच्या १९७१च्या रामसर या आंतरराष्ट्रीय कराराच्या व्याख्येत खाजण बसतं. आपल्या २०१७च्या पाणथळ नियमांतून मात्र भातशेतं, मीठ पिकवायला बांधलेली तळी आणि सीआरझेडमधला (किनारा नियमन क्षेत्रातला) भाग वगळलेला आहे. म्हणून खाजण बुजवण्याविरुद्धच्या हरकतीच्या अर्जात नुसतं 'पाणथळ' लिहू नका, तेवढ्यावर अर्ज फेटाळला जाऊ शकतो. 'खाजण' लिहा, सर्व्हे नंबर द्या, भरतीचं पाणी कुठून येतं ते सांगा. २०११च्या सीआरझेड अधिसूचनेत गोव्याच्या खाजणांचा वेगळा उल्लेख आहे.

पुरवणी : प्रदेशाप्रमाणे अर्थ बदलतो. कोकणात खाजण म्हणजे बऱ्याचदा भरतीचं पाणी मोकळेपणी खेळणारी, तिवरांची खारवट जमीन. गोव्यात मात्र बांध घालून शेतीखाली आणलेली. अशा जमिनीला रायगडात 'खार' म्हणतात आणि त्या कामाला 'खारबंदिस्ती'. बांधातल्या पाण्याच्या दाराला गोव्यात 'मानस', रायगडात 'उघाडी'. भरती चढली की पाण्याच्या दाबानेच झडप मिटते, ओहोटीला आतलं पाणी तिला ढकलून बाहेर पडतं. फटीत प्लास्टिक किंवा ओंडका अडकला की झडप पुरती मिटत नाही आणि प्रत्येक भरतीला खारं पाणी शेतात शिरतं. गोव्यातल्या कोरगुट जातीसारखं भात खारटपणा सोसतं, पण तुंबलेल्या खाऱ्या पाण्यात तेही टिकत नाही. बांधात खेकडे बिळं करतात. ती वेळेवर चिखलाने बुजवली नाहीत तर उधाणाला तिथेच भगदाड पडतं. रायगडात त्याला 'खांड' म्हणतात. एकदा खांड गेली की जमिनीतलं मीठ धुऊन निघायला पुढचे पावसाळे लागतात.

प्रश्न : मग 'रिक्लेमेशन'ला काय म्हणावं? भराव?

उत्तर : बंदिस्ती आणि भराव एक नव्हेत. बंदिस्तीत जमीन भरतीच्या पातळीखालीच राहते, पावसाचं पाणी साठवते आणि ओहोटीला सोडते. भरावात ती मुरूम-डबराने उंच होते आणि तिथे मावणारं पाणी शेजारच्या शेतांत, वस्तीत जातं. 'खाजण बुजवलं' असंच लिहा. 'विकसित केलं' लिहिल्याने काय गेलं ते कळत नाही.