मदत हवी आहे: गावात ‘दूधदूत’ नेमायचे आहेत. कोणाला नेमावं, आणि त्यांनी नेमकं काय करावं?

सत्तरीची सून

नमस्कार मंडळी. मी गोव्यात, वाळपईच्या पुढे, सत्तरी तालुक्यातल्या एका गावात राहते. घरी चार गुरं आहेत, तीन संकरित गायी आणि एक गावठी पांढरी. गेली दोन वर्षं गावच्या दूध संस्थेचं सचिवपद माझ्याकडे आहे. पहाटे साडेपाचला कुलूप उघडायचं, दूध मोजायचं, फॅट काढायचं (म्हणजे दुधातली स्निग्धता मोजायची), कॅन गाडीवर चढेपर्यंत थांबायचं, संध्याकाळी पुन्हा तेच.

मी लग्न होऊन आले तेव्हा या संस्थेत साठेक घरं दूध घालायची. आज तेवीस आहेत. खाणी २०१२ साली बंद झाल्या तेव्हा आमच्या वाड्यावरच्या (वस्तीतल्या) कित्येकांचे खनिज वाहणारे ट्रक दारात उभे राहिले. त्यांतल्या काहींनी सरकारी अनुदानाच्या कामधेनू योजनेतून गायी घेतल्या आणि दोन-तीन वर्षं गोठे भरलेले दिसले. मग एकेक करून रिकामे झाले. कुणाची गाय गाभण राहिली नाही, कुणाला पेंढा परवडला नाही, कुणाची मुलं होंड्याच्या नाहीतर पिसुर्ल्याच्या कारखान्यात लागली आणि म्हाताऱ्यांना शेण काढणं झेपेना. एवढ्याशा गोव्याला रोज बेळगाव-कोल्हापूरकडून दूध आणावं लागतं आणि आमच्याच गावातले गोठे मोटारसायकल ठेवायच्या कामी येतात, हे पाहून जीव तुटतो.

समितीने ठरवलं की प्रत्येक वाड्यावर एक ‘दूधदूत’ नेमायचा. त्याने घरोघरी जायचं, लोकांना गायी पाळायला राजी करायचं, योजना समजावून सांगायच्या. गेल्या महिन्यात देवळाच्या मांडावर आम्ही पहिली सभा घेतली. बाहेरगावचे एक मोठे गोठेवाले बोलावले होते. तीस गायी, दूध काढायचं यंत्र, मुक्त गोठा. बोलले फार छान. लोकांनी टाळ्या वाजवल्या, भाजी-पाव खाल्ला आणि घरी गेले. दुसऱ्या दिवशी दूध घालायला आलेली शेजारची काकी मला म्हणाली, “बाय, ताचे कडेन जमीन आसा, बोअर आसा, दोन गडी आसात. म्हजे कडेन कितें आसा? तण कोण हाडटलो?”

तण म्हणजे गवत-चारा. तो कोण आणणार, याचं तिला काय उत्तर द्यायचं ते मला सुचलं नाही. तेव्हापासून हेच डोक्यात आहे.

तुमच्यापैकी कुणी असं काम केलं असेल तर सांगा. दूत म्हणून मोठा गोठेवाला चांगला की दोन गायींची बाई चांगली? त्यांना मानधन द्यावं का, आणि कशाचं? पुढच्या सभेत लोकांना काय दाखवावं, म्हणजे ते नुसत्या टाळ्या वाजवून जाणार नाहीत? समिती म्हणते, वर्षभरात वीस नवीन गायी गावात यायला हव्यात. मला त्या आकड्याचीच भीती वाटते.

पंचगंगाकाठ

ताई, आमच्या भागात दूध स्पर्धा घेतात. जास्त दूध देणाऱ्या गाई-म्हशीला बक्षीस, मालकाला फेटा. जनावरांचं प्रदर्शन भरवा, आजूबाजूची दहा गावं येतील. चुरस लागली की तरुण पोरं आपोआप या धंद्यात उतरतात. दूत एखादा नावाजलेला गोठेवालाच पाहिजे. ज्याने पैसा मिळवून दाखवलाय त्याचंच लोक ऐकतात.

निवृत्त पशुवैद्य

सत्तरीची सून, वर्षभरात वीस गायी आणण्याच्या आकड्याची तुम्हाला भीती वाटते ती योग्यच आहे. माझी सगळी नोकरी कोकणपट्टीत झाली. नवीन गाय आणणं सोपं असतं, कारण तिला अनुदान असतं, फोटो असतो, हार असतो. आलेली गाय दुसऱ्या वेतापर्यंत, म्हणजे दुसऱ्यांदा विण्यापर्यंत, गोठ्यात टिकवणं हे खरं काम, आणि दूताने तेच करायला हवं.

तुम्हीच लिहिलंय की गाभण न राहिल्याने लोकांनी गायी विकल्या. तिथूनच सुरुवात करा. गाय साधारण २१ दिवसांनी माजावर येते, म्हणजे गर्भधारणेला तयार होते. संकरित गायीचा माज पुष्कळदा रात्री किंवा भल्या पहाटे दिसतो आणि फार तर अर्धा-पाऊण दिवस टिकतो. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी कृत्रिम रेतन, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी, एवढा साधा नियम. पण एक माज चुकला की पुढचे २१ दिवस तिला फुकट पोसायचं. रोजचा खर्च २०० रुपये धरला तरी ४,२०० रुपये गेले. असे तीन माज चुकले की माणूस म्हणतो, गाय खोटी निघाली. गाय खोटी नसते. रात्री झोपायच्या आधी गोठ्यात एक फेरी मारायची सवय घरात नसते, म्हणून माज चुकतो. दूताने प्रत्येक घरच्या भिंतीवर कॅलेंडर लावावं आणि माज, रेतन, गाभण तपासणी या तारखा त्यावर लिहून घ्याव्यात.

दुसरं काम वासराचं. जन्मल्यावर तासाभरात चीक (व्यायल्यावरचं पहिलं घट्ट दूध) पोटात गेला पाहिजे, आणि पहिल्या दिवसभरात वासराच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतका. २५ किलोचं वासरू असेल तर अडीच लिटर, दोन-तीन वेळा विभागून. वार (गर्भाचं वेष्टन) पडेपर्यंत चीक काढायचा नाही, अशी समजूत कितीतरी घरांत आजही आहे आणि तिच्यापायी वासरं जातात. आज गेलेली कालवड म्हणजे तीन वर्षांनी घरची होणारी गाय गेली.

एक ताकीद. दूताच्या हातात इंजेक्शनची सुई देऊ नका. उपचार हे नोंदणीकृत पशुवैद्याचं काम आहे, १९८४ चा पशुवैद्यक परिषद कायदा तेच सांगतो. दूताने ओळखावं, कळवावं आणि लसीकरणाच्या दिवशी जनावरं बांधून तयार ठेवायला लावावं. लाळ-खुरकतीची लस दर सहा महिन्यांनी, आणि संसर्गजन्य गर्भपात (ब्रुसेलोसिस) या रोगावरची लस फक्त मादी वासरांना, चार ते आठ महिन्यांच्या वयात, आयुष्यात एकदाच. ही चार महिन्यांची खिडकी चुकली की चुकली. वाड्यावरच्या प्रत्येक कालवडीचं वय ज्याच्या वहीत लिहिलेलं आहे तो तुमचा दूत.

कुडाळची पशुसखी

ताई, मी तुमच्या शेजारच्याच जिल्ह्यातली. उमेद या सरकारी अभियानाच्या बचत गटातून पशुसखी, म्हणजे गावातल्या गुरं पाळणाऱ्यांना मदत करणारी प्रशिक्षित बाई, झाले. पशुसखींना पशुसंवर्धनाचं जास्त प्रशिक्षण देऊन खात्याशी जोडण्यासाठी २०२१ पासून केंद्राचा ‘ए-हेल्प’ उपक्रमही आहे. तुमच्याकडच्या खात्यात त्याची चौकशी नक्की करा.

दोन गायींची बाईच निवडा. मी हे बाई म्हणून म्हणत नाही. गोठ्यातलं निम्म्याहून जास्त काम कोण करतं ते तुम्हालाही ठाऊक आहे. सभेला पुरुष येतात, आणि शेण काढणारी, पाणी पाजणारी, धार काढणारी घरीच राहते. पहिले तीन महिने मीही दुपारी घरोघरी जाऊन बोलत होते आणि कुणी ऐकून घेत नव्हतं. मग धारेच्या वेळी जायला लागले. गोठ्यात बसायचं, एक वासरू धरायचं, खाद्याचं घमेलं वजन काट्यावर ठेवायचं. एका काकूंची गाय दहा लिटर द्यायची आणि तिला खाद्य मिळत होतं दोन किलो. अडीच लिटर दुधामागे एक किलो आणि शरीर पोसायला वर एक-दीड किलो, हा हिशोब आम्ही तिथेच चुन्याने भिंतीवर लिहिला. शेजारच्या घरी बरोबर उलटं, चार लिटरच्या गायीला सहा किलो खाद्य. दोघींचाही तोटाच होत होता, आणि दोघींचंही मत एकच होतं, की दुधात काही राहत नाही.

मानधनाबद्दल कळकळीने सांगते. नवीन गायीमागे पैसे देऊ नका. त्या दिवशी तुमचा दूत दलाल होतो, आणि गावाला ते दोन दिवसांत कळतं. महिन्याला ठरलेली लहान रक्कम द्या आणि ती कामाला बांधा. किती घरी फेरी झाली, किती तारखा लिहिल्या, किती वासरांना लस मिळाली. आणि ज्या घराला गाय परवडणार नाही असं दिसतं, त्या घराला “आत्ता घेऊ नका” असं सांगायची मोकळीक दूताला असू द्या. मी असं दोन घरांना सांगितलं. त्यानंतरच बाकीची घरं मला आत बोलवायला लागली.

पंचगंगाकाठ

पशुसखी ताईंचं पटलं. मी आमच्याकडचं सांगितलं, पण आमच्याकडे ऊस आहे, उसाच्या वाड्याचा (शेंड्याचा) चारा आहे, नदीचं पाणी आहे, हे लिहायला हवं होतं.

गायी बाहेरून आणणार असाल तर एवढं मात्र करा. व्यापाऱ्याच्या तोंडच्या लिटरवर जाऊ नका. लागोपाठ तीन धारा स्वतः समोर उभं राहून काढायच्या आणि मोजायच्या. पहिल्या धारेला सड तुंबवून ठेवलेले असू शकतात, दुसऱ्या-तिसऱ्या धारेला खरं दूध कळतं. पहिल्या नाहीतर दुसऱ्या वेताची गाय बघा, चारही सडांतून दूध सारखं येतं का ते हाताने बघा. कानातल्या बिल्ल्यावर बारा आकडी नंबर असतो, त्यावरून तिचं लसीकरण आणि रेतन नोंदलंय का ते तपासून घ्या. पैसे देण्याआधी रक्ताची तपासणीही करून घ्या. हे काम दूताला शिकवा आणि खरेदीला दर वेळी त्याला सोबत न्या.

सत्तरीची सून

सगळ्यांचे मनापासून आभार. पंचगंगाकाठ दादा, तीन धारांची गोष्ट आम्हाला आधी कळली असती तर बरं झालं असतं. आमची पहिली गाय चौदा लिटरची म्हणून घरी आली आणि कधीच आठाच्या वर गेली नाही. सासऱ्यांनी तो धक्का फार मनाला लावून घेतला होता.

डॉक्टरकाका, तुमचं वाचून मी कालच संस्थेची जुनी रजिस्टरं काढली. दूध घालणं बंद केलेल्या घरांची यादी केली आणि त्यांतल्या अकरा घरी जाऊन विचारून आले. सात घरी गाय वेळेवर गाभण न राहिल्याचं कारण निघालं. आम्ही समजत होतो की लोकांना आवड उरली नाही. शेजारच्या काकीचाही त्यात नंबर होता, तिने तीन वर्षांपूर्वी एक गाय अशीच विकली.

काणकोणकर

एक बाजू कुणी लिहिली नाही म्हणून लिहितो. प्रचार फक्त गोठेवाल्यांमध्ये करून भागत नाही. आमच्याकडे गावातल्याच हॉटेलवाल्याला आणि शाळेतल्या मुलांना हे दूध कुठून येतं ते माहीत नसतं. २६ नोव्हेंबरला, डॉ. वर्गीस कुरियन यांच्या जन्मदिवशी, राष्ट्रीय दुग्ध दिन असतो. त्या दिवशी शाळेची मुलं दूध संस्थेत आणा. फॅट कसं काढतात, दुधाची घनता दाखवणारा लॅक्टोमीटर कसा बुडवतात, पाणी घातलेलं दूध कसं कळतं, ते त्यांच्या हाताने करू द्या. मुलं घरी जाऊन सांगतात.

त्याहून मोठा दिवस म्हणजे दिवाळीतला गोरवांचो पाडवो, गुरांचा पाडवा. त्या दिवशी गुरांना आंघोळ, गळ्यात माळा, खायला पोळे (घावन). ज्यांचे गोठे रिकामे झालेत त्यांनाही त्या दिवशी चुकल्याचुकल्यासारखं होतं. वेगळी सभा, वेगळा मंडप कशाला? त्याच सकाळी दूताने आपल्या गोठ्यात सगळ्यांना बोलवावं आणि आपली वही उघडून ठेवावी. दूध किती, खर्च किती, आजारपण किती, सगळं. तोट्याचा महिनाही त्यात दिसू द्या.

तुमची गावठी पांढरी म्हणजे आपली श्वेतकपिला असणार. जुन्या गोव्यात एला इथे भारतीय कृषी संशोधन परिषदेचं केंद्र आहे, तिथल्या शास्त्रज्ञांनी तिच्यावर काम केलं आणि गोव्याची स्वतंत्र जात म्हणून तिची राष्ट्रीय पातळीवर नोंद झाली. दूध दोन-तीन लिटरच, त्यामुळे तिच्यावर कुटुंब चालेल असं कुणाला सांगू नका. पण ती आपल्या दमट हवेत टिकते, डोंगरात चरते, तिला कमी लागतं. ज्या म्हाताऱ्यांना संकरित गाय झेपत नाही त्यांच्यासाठी घरच्या दुधाला तीच बरी.

सत्तरीची सून

काणकोणकर दादा, पाडव्याची कल्पना समितीला सांगितली आणि सगळ्यांना एकदम पटली. ठरलंय ते असं. चार दूत, तिघी बाया आणि एक तरुण मुलगा, सगळे चारपेक्षा कमी गायींचे. पहिले सहा महिने नवीन गाय आणायचीच नाही, आहेत त्या सांभाळायच्या. वीस गायींचा आकडा समितीने मागे घेतला, मला त्यासाठी दोन तास भांडावं लागलं. आणि शेजारची काकी दूत व्हायला तयार झाली आहे. म्हणाली, जाचें वासरूं मेलां ताकाच चीक कसो पाजप तें सांगूं येता (ज्याचं वासरू मेलं त्यालाच चीक कसा पाजायचा ते सांगता येतं).

आता तिचाच मूळ प्रश्न उरतो, तण कोण आणणार? आमच्याकडे भात आता यंत्राने कापतात, पेंढा शेतातच तुकडे होऊन राहतो. विकतचा घाटावरून येतो आणि त्याचा दर ऐकून माणूस बसतो. काकीकडे जागा म्हणजे घरामागची कुळागराची पट्टी, तीही माडा-पोफळीच्या सावलीतली. तिथे काय लावता येईल?

निवृत्त पशुवैद्य

सावलीत गिनी गवत लावा, माडांखाली ते चांगलं येतं. उघड्या बांधावर, सांडपाण्याच्या पाटाकडेला संकरित नेपिअर हे चाऱ्याचं गवत. दोन डोळ्यांचे तुकडे जूनच्या पहिल्या पावसात तिरपे रोवायचे, पहिली कापणी साधारण अडीच महिन्यांनी आणि मग पाणी असेल तर दर दीड महिन्याने. गोमूत्र आणि गोठा धुतलेलं पाणी तिकडेच वळवा. दोन गायींना पाच गुंठे पूर्ण पुरणार नाहीत, पण पेंढ्याचा खर्च निम्म्याच्या जवळ यायला हरकत नाही. बेणं कृषी विज्ञान केंद्रात विचारा, उत्तर गोव्याचं केंद्र एलालाच आहे.

कुडाळची पशुसखी

ताई, बेण्यासाठी फार लांब जाऊ नका. माझ्या बांधावर नेपिअर भरपूर आहे. दोडामार्गापर्यंत कुणी टेम्पो घेऊन येणार असेल तर पाचशे तुकडे कापून ठेवते. मेच्या शेवटच्या आठवड्यात या, पाऊस लागायच्या आत.