सिनेमात पैसे घेऊन दाखवलेल्या वस्तूवर पट्टी हवी की नको?

सेलूची आई
दिवाळीच्या सुट्टीत लेकरांना परभणीला पिच्चर दाखवला. बाहेर आल्यावर सात वर्षांचा धाकटा थंड पेयाच्या एकाच बाटलीसाठी अडून बसला. तीच का रे? तर म्हणे, "तीच चांगली असते." हिरोच्या हातात तीच बाटली तीनदा आली होती, हे मला आठवत होतं, त्याला सांगता येत नव्हतं. टीव्हीवर जाहिरात लागली की मी सांगते, हे पैसे घेऊन बोलतात, आणि ते त्याला कळतं. सिनेमात मात्र गोष्टीत जीव गुंतलेला असताना माल पुढं येतो. २०१२ पासून पडद्यावर सिगारेट दिसली की खाली इशारा येतो. मग कंपनीनं पैसे मोजून वस्तू घुसवली असेल, तर तशीच पट्टी देऊन तेवढं लिहायला काय हरकत आहे?

किराणावाला, माजलगाव
ताई, २२ वर्षं गल्ल्यावर बसतोय. आमच्याकडं माल खपतो तो पाच-दहाच्या पुडीवर, उधारीवर आणि एजन्सीची गाडी वेळेवर येते का त्यावर. पडद्यावरचं नकळत मनात भरतं म्हणाल, तर १९५७ ला अमेरिकेत जेम्स व्हिकरी नावाच्या माणसानं सांगितलं होतं, की पडद्यावर डोळ्याला न कळेल असा संदेश चमकवला आणि पॉपकॉर्न-कोकची विक्री वाढली. जगभर बोभाटा झाला. १९६२ मध्ये त्यानंच कबूल केलं की तो सगळा बनाव होता. उगं भिऊ नका.

मानसशास्त्र शिकवते, लातूर
भाऊ, व्हिकरीचं खरं आहे, पण तो विषय वेगळा. इथं वस्तू उघड दिसते, फक्त आपण सावध नसतो. २००४ मध्ये ऑटी आणि लुईस या इंग्लंडमधल्या संशोधकांनी प्रयोग छापला. काही मुलांना 'होम अलोन'मधला पेप्सी सांडण्याचा प्रसंग दाखवला, बाकीच्यांना त्याच सिनेमातला पेप्सी नसलेला तुकडा. नंतर प्यायला काय घेता म्हटल्यावर पहिल्या गटातल्या ६२ टक्के मुलांनी पेप्सी उचलली, दुसऱ्यातल्या ४२ टक्क्यांनी. त्याआधी २००० मध्ये लॉ आणि ब्रॉन यांना तर असं दिसलं, की ज्या वस्तू नुसत्या दिसल्या, ज्यांचं नाव कुणी घेतलं नाही, त्या लोकांना सगळ्यात कमी आठवल्या. निवडीवर परिणाम मात्र त्यांचाच जास्त. ताईंच्या मुलाचं नेमकं हेच झालंय.

निलंग्याचा राजदूत
माझा पट्टीला विरोध आहे. १९७३ ला 'बॉबी' आला आणि त्यातल्या छोट्या राजदूत मोटारसायकलला लोक बॉबीच म्हणू लागले. पण आमच्या आजोबांनी घेतली ती जुनी दणकट राजदूत, कारण तिच्यावर दुधाचे कॅन लादता यायचे आणि काळ्या मातीच्या चिखलात ती अडायची नाही. सिनेमानं नाव दिलं, गाडी गरजेनं आली. आणि मराठी निर्मात्याला असे चार पैसे मिळत असतील तर ते का तोडायचे? गावातलं दुकान दाखवायचं तर पाट्या येणारच, त्या पुसल्या तर गाव खोटं वाटेल.

सेलूची आई
दादा, पाट्या पुसा असं मी म्हटलंच नाही. पैसे घेतले असतील तर सांगा, एवढंच. ब्रिटनमध्ये २०११ पासून टीव्हीवर पैसे घेऊन वस्तू दाखवायला परवानगी आहे, पण तिथल्या कार्यक्रमांना पडद्यावर 'पी' हे अक्षर दाखवावं लागतं. म्हणून निर्मात्यांचा पैसा काही बंद झाला नाही. आणि तुमच्या आजोबांना कॅनचा हिशोब येत होता. माझं लेकरू दुसरीत आहे.

किराणावाला, माजलगाव
मॅडमचे आकडे वाचून काल दिवसभर गल्ल्यावर लक्ष ठेवलं. मोठी माणसं भाव विचारतात, माझं म्हणणं तिथं कायम आहे. पण तीन लेकरं अशी आली, की त्यांना नाव सांगता येईना. वर बोट करून म्हणाली, "ते पिच्चरमधलं द्या." हे रोजचंच आहे, मी कधी ध्यानात घेतलं नव्हतं. लेकरांपुरतं तुमचं मानतो. पण ताई, दुसरीतलं पोरगं पट्टी वाचणार का?

सेलूची आई
वाचून दाखवायला मी शेजारी बसलेली असते की.

निलंग्याचा राजदूत
आणि तो मोबाइलवर एकटाच बघत बसला असेल तेव्हा?