कार्पल टनेलच्या (मनगटात नस दबलेल्या) पेशंटचं मन खचलंय हे ओळखायचं कसं?

फिजिओ_धरमपेठ: स्प्लिंट (मनगट सरळ ठेवणारा पट्टा), व्यायाम सगळं नीट चालू असतं, तरी काही पेशंटची तक्रार हटत नाही. खोदून विचारलं की कळतं, झोप उडालीय, कशातच मन लागत नाही. मानसोपचाराचं नाव काढलं की "म्हणजे माझं दुखणं खोटं का?" सुरुवात कुठून करावी?

मनोविकार_नागपूर: झोपेपासून करा. झोपेत मनगट दुमडतं, नसेवरचा दाब वाढतो, मुंग्यांनी जाग येते. रोज झोपमोड झाली की मन खचतं, आणि खचलेल्या मनाला तेच दुखणं जास्त बोचतं. याच क्रमानं सांगा, मग "खोटं" हा शब्द येत नाही.

नंतर पीएचक्यू-9 ही नैराश्य तपासणारी प्रश्नावली भरून घ्या. मागच्या दोन आठवड्यांबद्दल 9 प्रश्न, गुण 0 ते 27. 10 किंवा जास्त आले तर नागपूरच्या मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांच्या मानसोपचार ओपीडीत पाठवा. मात्र नुसत्या बेरजेवर जाऊ नका. झोप आणि थकव्याचे गुण दुखण्यामुळेही चढतात, म्हणून पहिले दोन प्रश्न, रस न वाटणं आणि उदासी, नीट बघा. नवव्या प्रश्नाला, म्हणजे जीव नकोसा वाटण्याला, 1 गुण जरी असला तरी पेशंटला त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांशी बोलू द्या. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 चोवीस तास चालू असतो.

न्यूरो_ओपीडी: मुंग्या नेमक्या कुठे, ते बोट ठेवून दाखवायला सांगा. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू असेल तर मीडियन नस, कार्पल टनेलमध्ये दबते ती. दोन्ही हात आणि ओठांभोवती एकदम, सोबत धडधड, तर घाबरून भराभर श्वास घेतल्यानं. एकाच माणसात दोन्ही सापडतं. बी-12, थायरॉइड आणि साखर तपासाच; यांतल्या बिघाडानं मुंग्याही येतात आणि मनही मरगळतं.

डिसेंबर-जानेवारीत एनसीव्ही (नसेचा वेग मोजणारी तपासणी) करताना हात आधी कोमट करून घ्यायला सांगा. गार हातात नसेचा वेग उगाच कमी दिसतो, आणि तो रिपोर्ट वाचून पेशंट आणखी धास्तावतो.

औषधवाला: ड्युलोक्सेटिन (नैराश्य आणि नसेच्या दुखण्यावरचं औषध) सुरू झालं की पहिल्या आठवड्यात मळमळतं, लोक तिथेच सोडतात. जेवणानंतर घ्यायला सांगा. मनावरचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात. सोबत ट्रामाडोल हे वेदनाशामक चालू असेल तर डॉक्टरांच्या कानावर घालाच, दोन्ही मिळून सेरोटोनिन हे मेंदूतलं रसायन धोक्याच्या पातळीवर जाऊ शकतं. प्रीगॅबालिन हे नसेच्या दुखण्यावरचं औषध एकदम बंद करू नये, घाबरेपणा आणि निद्रानाश उसळतो.

फिजिओ_धरमपेठ: आणि कंबरेची नस दबलेले?

न्यूरो_ओपीडी: प्रश्नावली तीच. पण लघवी अडली, शौचावरचा ताबा गेला किंवा बसण्याची जागा बधिर झाली तर प्रश्नावली बाजूला ठेवा, तडक कॅज्युअल्टी.