जिप्सीची जागा जिमनीने घेतली का?

घाटवाट:
मंडळी, मारुतीची जुनी जिप्सी बरी की नवी जिमनी, दर पावसाळ्यात हा वाद निघतो, यंदा मीच काढतो. आज 'एसयूव्ही' म्हणून खपणाऱ्या बहुतेक छोट्या गाड्या डांबर संपलं की संपतात. उंच बॉनेट, चाकांभोवती काळं प्लास्टिक आणि ताकद फक्त पुढच्या दोन चाकांना. ओल्या लाल मातीचा चढ लागला की वजन मागे जातं, पुढची चाकं हलकी होतात आणि जागच्या जागी गरगरतात.

2023 साली आलेली पाच दारांची जिमनी यात बसत नाही, हे मान्य. लॅडर फ्रेम (शिडीसारखा मजबूत सांगाडा), पुढेमागे सलग एक्सल (डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा अखंड आस), लो रेंजचा (हळू पण जास्त जोर देणाऱ्या गिअरचा) स्वतंत्र दांडा, सगळं आहे. तरी मी जिप्सीच घेईन. जिप्सी हजार किलोच्या आतबाहेर, जिमनी बाराशेच्या घरात. व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, जिप्सीचा 2375 मिमी, जिमनीचा 2590. शेताचा उंच बांध ओलांडताना हा फरक लगेच कळतो: पुढची चाकं उतरतात, मागची अजून चढायचीत आणि मधे पोट टेकतं. शिवाय जुन्या कार्बोरेटरवाल्या जिप्सीला भोर-वेल्ह्याकडचा कुठलाही मेस्त्री हात घालू शकतो. नव्या गाडीचा एखादा सेन्सर गेला तर टोचनशिवाय इलाज नाही.

पाटे_नकोत:
बांधाचं पटलं, बाकी नाही. जिप्सीच्या आठवणी काढताना तिचे पाटे, म्हणजे पोलादी पट्ट्यांचे स्प्रिंग, सगळे विसरतात. खडबडीत वाटेवर पाटे फार खाली-वर होत नाहीत, त्यामुळे एक पुढचं आणि समोरच्या कोनातलं मागचं चाक हवेत लटकतं. डाव्या-उजव्या चाकांत ताकद वाटणारे दोन्ही डिफरेंशियल ओपन (बिनलॉकचे), म्हणजे सगळी ताकद त्या लटकत्या चाकांकडे. ती गरगरणार, गाडी तिथेच. मग लोक बाहेरून लॉकर, म्हणजे दोन्ही चाकं एकत्र फिरवणारा लॉक, बसवून घ्यायचे.

जिमनीला कॉइल स्प्रिंग आहेत, चाक जमिनीशी जास्त वेळ राहतं. आणि सुटलंच, तर गाडी त्या एकाच चाकाला ब्रेक लावते आणि ताकद पलीकडच्या चाकाला जाते. फक्त घाबरून पाय काढायचा नाही. रेस एकसारखी धरली की क्षणभर चाक फिरतं, खालून कर्रकर्र आवाज येतो आणि गाडी सावकाश वर सरकते. पहिल्यांदा बसणाऱ्याला वाटतं काहीतरी तुटलं, नेमका तेव्हाच तो पाय काढतो आणि गाडी अडकते.

आणि सुरक्षिततेचं काय? जिमनीत सहा एअरबॅग आणि गाडी घसरताना सावरणारी ईएसपी आहे. जिप्सीत एकही एअरबॅग नाही. ट्रेलपर्यंत जायला महामार्ग लागतोच ना?

काळी_माती:
आमच्याकडे परभणीत दगड नाही, चिखल आहे. काळी माती ओली झाली की टायरच्या खाचा भरून टायर गुळगुळीत होतो. तिथे ब्रेक लावणारं इलेक्ट्रॉनिक्स फारसं कामाचं नाही, कारण चारही चाकांना पकड नसते. हलकी गाडी, अरुंद टायर आणि न थांबता काढणं, एवढंच चालतं. माझं मत जिप्सीला. रुतली तर चार माणसं ढकलून काढतात.

थारवाली:
तुम्ही तिघं एकाच घरातल्या दोन गाड्यांवर भांडताय. 2020 नंतरच्या महिंद्रा थारच्या वरच्या मॉडेलला मागे मेकॅनिकल लॉक मिळतो, 650 मिमी पाण्यातून जाते. गाडी जड आहे, मान्य. पण ओढ्यात मला वजन हवंच असतं, प्रवाहात हलकी गाडी आधी सरकते. आणि 'जुनं ते सोनं' म्हणणाऱ्यांनी आज चांगली जिप्सी शोधून दाखवावी. चेसिस गंजलेली, त्यावर पंधरा वर्षं झाली की आरटीओत पुन्हा पासिंग.

घाटवाट:
थारवाली, ओढ्याचं बरोबर. पण आमच्याकडच्या बैलगाडीच्या वाटा अरुंद आहेत, दोन्हीकडे करवंदीच्या जाळ्या. रुंद गाडी तिथे वळतच नाही.

पाटे_नकोत, कॉइल आणि ब्रेकचा तुमचा मुद्दा मला पटतो, म्हणूनच राग येतो. तीन दारांची जिमनी, 2250 मिमी व्हीलबेसची, 2021 पासून आपल्याच गुरुग्रामला बनून परदेशी जाते. कॉइल तीच, लो रेंज तीच आणि लांबी जिप्सीपेक्षा कमी. जिप्सीवाल्याला हवी ती गाडी इथेच बनते आणि इथेच मिळत नाही!

पाटे_नकोत:
ती आली तर रांगेत मीही उभा राहीन. पण बहुतेकांच्या घरी गाडी एकच असते. आईचे गुडघे दुखतात, तिला पुढची सीट वाकवून मागे कसं चढवणार? मी पाच दारांची घेतली ती त्यासाठीच. बांध आला की खाली उतरतो, दोन दगड टाकतो आणि पुढे जातो.

काळी_माती:
आमच्याकडे टाकायला दगड कुठून आणू?